आशेचे बळ

आभाळात ढगाचे चिन्हही नसताना शेतकरी धूळपेरणी करतो. जमीन कोरडी असते, घरातले बियाणे मोलाचे असते आणि मृग वेळेवर बरसेल की नाही, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. तरीही तो पाभर धरतो. त्याची ही आशा आळशाची आशा नव्हे. जमिनीचा पोत, वाऱ्याची दिशा, मागील वर्षांचा अनुभव, हे सारे तो ध्यानात घेतो; आणि मग आभाळाकडे नुसते पाहत न बसता हातांनी काम करू लागतो. आशेचे असे दोन प्रकार आहेत. एक आशा मनुष्याला बसवून ठेवते, तर दुसरी त्याला उठवून कामाला लावते. पहिलीला मनोराज्य म्हणावे. दुसरी मात्र मानवाच्या प्रगतीची जननी होय.

विज्ञानाचे क्षेत्र निराळे आहे, असे पुष्कळांना वाटते. तेथे मोजमाप चालते, पुरावा चालतो. तेथे आशेचे काय काम? परंतु विज्ञानाचा इतिहास पाहिला म्हणजे हा समज खरा नाही हे ध्यानात येते. ज्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच ठाऊक नाही, त्याच्यामागे मनुष्य वर्षानुवर्षे लागतो तो कशाच्या बळावर? उत्तर आहे आणि ते शोधल्यास सापडेल, या आशेच्याच बळावर. सत्य पुराव्याने सिद्ध होते हे खरे. पण तो पुरावा शोधावयास मनुष्याला घराबाहेर काढते ती आशाच. मधुमेहावरील औषधाच्या शोधाची हकीकत याची उत्तम साक्ष देते.

मधुमेह हा रोग फार पुरातन आहे. रोग्याच्या मूत्राला मधासारखी गोडी येते, हे आपल्याकडील प्राचीन वैद्यांनी ओळखले होते आणि त्यावरूनच या रोगाला हे नाव मिळाले. आपण जे अन्न खातो, त्यातील पुष्कळशा भागाची शरीरात शर्करा होते व ती रक्तावाटे सर्वत्र पोचते. ही शर्करा शरीराला वापरता यावी म्हणून एका विशिष्ट द्रव्याची गरज असते. ते द्रव्य जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंड नावाच्या ग्रंथीत तयार होते. ते तयार होईनासे झाले, की रक्तात शर्करा साचत जाते आणि शरीर मात्र उपाशीच राहते. भरल्या कोठाराला कुलूप लागावे आणि घरातील माणसांनी उपासमारीने मरावे, तसाच हा प्रकार. लहान मुलांना जडणारा मधुमेह तर अतिशय भयंकर. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो जडलेले मूल बहुधा वर्ष-दोन वर्षांत दगावत असे.

१९१९ साली अमेरिकेत एलिझाबेथ ह्यूज नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीला या रोगाने ग्रासले होते. तिचे वडील चार्ल्स एव्हान्स ह्यूज हे नामांकित कायदेपंडित होते व पुढे १९२१ साली ते अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. परंतु या रोगापुढे श्रीमंती आणि अधिकार यांचा काही उपयोग नव्हता. त्या काळी डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन या तज्ज्ञांकडे एकच उपाय होता, आणि तो म्हणजे उपासमार. शर्करा वाढू नये म्हणून रोग्याला जेमतेम जीव तगेल इतकेच अन्न द्यावयाचे, तेही तोलूनमापून. भाज्या तीनतीनदा उकळून, त्यांतील सत्त्व काढून टाकून द्यावयाच्या. मधूनमधून संपूर्ण उपवास करावयाचा. या उपायाने रोग बरा होत नसे; मरण केवळ काही काळ लांबत असे. मग हे हाल कशासाठी? कारण इतकेच, की जगात कोठेतरी शास्त्रज्ञ औषध शोधत आहेत. तोवर मूल जगले तर कदाचित ते वाचेल. एलिझाबेथने हे कठोर व्रत निष्ठेने पाळले. इतर मुले मिठाई खात असता ती आपल्या ताटातील मोजका घास खाई. तीन वर्षांनी तिचे वजन अवघे वीस किलोग्रॅमच्या आसपास उरले होते.

ज्या शास्त्रज्ञांवर तिच्या आईवडिलांची भिस्त होती, त्यांचे काम पुष्कळ आधीपासून चालू होते. १८६९ साली पॉल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडात पेशींचे लहान लहान पुंजके दिसले. समुद्रातील बेटांप्रमाणे ते इतर पेशींपासून निराळे होते. पण त्यांचे कार्य काय, हे त्याला कळले नाही. १८८९ साली मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्याला मधुमेह झाला. म्हणजे रोगाचे मूळ या ग्रंथीत आहे हे ठरले. या ग्रंथीचा अर्क काढून रोग्याला द्यावा, ही कल्पना मग अनेकांना सुचली. बर्लिनच्या झ्यूल्झर या वैद्याने १९०८ साली तसा प्रयोगही केला. परंतु त्या अर्काने रोग्यांना इतका त्रास झाला, की तो सोडून द्यावा लागला. तीस वर्षे अशीच गेली. प्रयत्न होत होते आणि फसत होते.

कॅनडातील फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शल्यवैद्य पहिल्या महायुद्धात जखमी होऊन मायदेशी परतला होता. त्याने लंडन या कॅनडातील गावी दवाखाना थाटला, परंतु रोगी येईनात. ३० ऑक्टोबर १९२० च्या रात्री त्याच्या वाचनात स्वादुपिंडासंबंधी एक लेख आला. त्याला झोप येईना. स्वादुपिंडातून आतड्यात जाणारी नलिका बांधून टाकली, तर पाचक रस तयार करणाऱ्या पेशी सुकून जातील, बेटांच्या पेशी तेवढ्या उरतील आणि मग त्यांचा अर्क निर्धोकपणे काढता येईल, असे त्याला वाटले. मध्यरात्री उठून त्याने ही कल्पना आपल्या वहीत टिपून ठेवली.

टोरांटो विद्यापीठातील प्राध्यापक मॅक्लाउड यांना भेटून त्याने प्रयोगशाळेची मागणी केली. मॅक्लाउड हे या विषयातील जाणते होते, तर बँटिंगला संशोधनाचा अनुभव जवळजवळ नव्हताच. प्रथम त्यांना त्याचा भरवसा वाटला नाही. तरीही अखेरीस त्यांनी त्याला उन्हाळ्यापुरती एक खोली, दहा कुत्री आणि चार्ल्स बेस्ट नावाचा एक विद्यार्थी मदतनीस दिला. १७ मे १९२१ रोजी काम सुरू झाले. आरंभी अपयशावर अपयश आले. उकाड्याचे दिवस होते. शस्त्रक्रिया बिघडत, जखमा चिघळत आणि कुत्री दगावत. या मुक्या प्राण्यांचे मानवावर केवढे ऋण आहे, हे विसरता येणार नाही. दोघांनी प्रत्येक चुकीची नोंद ठेवली आणि काम चालूच ठेवले. ३० जुलै रोजी मधुमेह झालेल्या एका कुत्र्याला त्यांनी अर्क टोचला, तेव्हा त्याच्या रक्तातील शर्करा खाली आली.

परंतु कुत्र्याला लागू पडलेले औषध माणसाला लागू पडेलच असे नाही. टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन हा चौदा वर्षांचा मुलगा मरणपंथाला लागला होता. त्याचे वजन सुमारे एकोणतीस किलोग्रॅम होते. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला अर्काचे इंजेक्शन देण्यात आले. परिणाम निराशाजनक झाला. शर्करा थोडीशीच उतरली आणि सुई टोचलेली जागा पिकली. अर्क अशुद्ध होता. उपचार थांबवावा लागला.

हा क्षण मोठ्या कसोटीचा होता. औषध सापडले, अशी दवंडी पिटणे त्यांना अशक्य नव्हते. आणि निराश होऊन काम सोडून देणेही अशक्य नव्हते. त्यांनी या दोहोंपैकी काहीच केले नाही. जेम्स कॉलिप हा रसायनशास्त्रज्ञ डिसेंबरमध्येच त्यांना येऊन मिळाला होता. त्याने मद्यार्काच्या साहाय्याने अर्कातील दोष काढून टाकण्यासाठी अहोरात्र खटपट केली. २३ जानेवारीला लेनर्डला हा शुद्ध अर्क टोचण्यात आला. त्याच्या रक्तातील शर्करेचे प्रमाण ५२० वरून १२० मिलिग्रॅमवर आले. त्याच्या अंगी शक्ती येऊ लागली. पुढे तो तेरा वर्षे जगला. या औषधाला बेट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘इन्शुलिन’ असे नाव मिळाले.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एलिझाबेथला टोरांटोला आणण्यात आले. बँटिंगने स्वतः तिच्यावर उपचार सुरू केले. थोड्याच दिवसांत ती पोटभर जेवू लागली आणि तिच्या अंगावर मांस चढू लागले. ती शिकली, तिने संसार केला आणि १९८१ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी तिचे निधन झाले. तीन वर्षांची ती उपासमार व्यर्थ गेली नाही. १९२३ साली बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बँटिंगने आपल्या वाट्याची अर्धी रक्कम बेस्टला दिली, आणि मॅक्लाउड यांनी कॉलिपला. या शोधावर कोणी एकट्याने मालकी सांगू नये, म्हणून बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी आपले हक्क प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले.

या हकीकतीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नलिका बांधण्याची जी युक्ती बँटिंगला त्या रात्री सुचली होती, तिची पुढे गरजच पडली नाही. नलिका न बांधताही, जनावरांच्या संपूर्ण स्वादुपिंडापासून चांगला अर्क काढता येतो असे आढळून आले. म्हणजे त्याची आशा खरी ठरली, पण त्या आशेचा मार्ग बदलला. आशेने त्याला चालावयास लावले. वाट कोणती खरी, हे मात्र प्रयोगाने ठरविले. विज्ञानात या दोघींची, आशेची आणि परीक्षेची, अशीच जोडी असते. आशा नसेल तर पाऊल उचलत नाही. परीक्षा नसेल तर पाऊल भलतीकडे पडते.

म्हणूनच खोट्या आशेपासून सावध राहिले पाहिजे. घरात कोणी आजारी पडले, म्हणजे माणसाचे मन हळवे होते. अशा वेळी एखादा भोंदू येतो आणि हमखास गुण येईल अशी ग्वाही देतो. खरा वैद्य आणि भोंदू हे दोघेही आशाच देतात. मग त्यांतील भेद ओळखावा कसा? खरा वैद्य आपल्या औषधाची परीक्षा होऊ देतो, ते कोठे अपुरे पडते तेही सांगतो. इन्शुलिनने मधुमेह समूळ नाहीसा होत नाही, ते नियमाने घेत राहावे लागते, हे डॉक्टर लपवीत नाहीत. भोंदू मात्र प्रश्न विचारणाऱ्यावर रागावतो. जी आशा प्रश्नांना भिते, ती विश्वास ठेवण्यास योग्य नव्हे.

वैद्यकाप्रमाणेच कथावाङ्मयानेही विज्ञानाला आशा पुरविली आहे. १८६५ साली जूल व्हेर्न या फ्रेंच लेखकाने चंद्रावरच्या स्वारीची एक कादंबरी लिहिली. तिच्यात अमेरिकेतील फ्लोरिडा येथून एका प्रचंड तोफेच्या गोळ्यात बसून तीन प्रवासी चंद्राकडे झेपावतात. ती कथा रशियातील कॉन्स्टन्टिन त्सिओल्कोव्स्की या शाळामास्तराने वाचली. लहानपणीच्या आजारामुळे त्याला जवळजवळ ऐकू येत नसे. पुस्तके हेच त्याचे गुरू होते. त्याने गणित मांडून पाहिले. तोफेच्या गोळ्यातील माणसे पहिल्याच धक्क्याने चिरडून जातील, हे त्याला दिसून आले. तोफ चुकीची होती. पण चंद्रावर जाण्याची आशा त्याने सोडली नाही. आपले इंधन आपल्याबरोबर वाहून नेणारा अग्निबाण हळूहळू वेग वाढवीत पृथ्वीचे आकर्षण तोडू शकेल, हे त्याने १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात गणिताने दाखवून दिले.

अमेरिकेतील रॉबर्ट गॉडर्ड याने सोळाव्या वर्षी एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाची मंगळावरील प्राण्यांविषयीची कादंबरी वाचली. १९ ऑक्टोबर १८९९ रोजी तो एका चेरीच्या झाडावर फांद्या छाटण्यास चढला असता, मंगळापर्यंत पोचणारे यान करता आले तर किती बहार होईल, असे त्याच्या मनात आले. तो दिवस त्याने जन्मभर स्मरणात ठेवला. पुढे १९२० साली न्यूयॉर्कच्या एका प्रख्यात दैनिकाने त्याची थट्टा केली. अंतराळात हवा नाही, मग अग्निबाण रेटा कशाला देणार, असा त्या लेखकाचा आक्षेप होता. गॉडर्डने काम चालू ठेवले. १६ मार्च १९२६ रोजी द्रवरूप इंधनावर चालणारा जगातील पहिला अग्निबाण त्याने उडविला. तो केवळ अडीच सेकंद हवेत राहिला, सुमारे साडेबारा मीटर उंच गेला आणि कोबीच्या वाफ्यात जाऊन पडला. पाहणाऱ्याला हसू यावे असेच ते उड्डाण होते. परंतु चंद्रावर जाणाऱ्या वाटेवरील तो एक महत्त्वाचा टप्पा होता. जुलै १९६९ मध्ये फ्लोरिडातूनच तीन अंतराळवीर चंद्राकडे निघाले, तेव्हा त्या दैनिकाने एकोणपन्नास वर्षांपूर्वीची आपली चूक कबूल केली. गॉडर्ड मात्र १९४५ सालीच निवर्तला होता. ज्यांनी बी पेरले त्यांना पीक पाहावयास मिळतेच असे नाही.

विज्ञानकथा केवळ आशाच दाखविते असे नाही. ती इशाराही देते. मेरी शेली हिच्या १८१८ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीतील शास्त्रज्ञ एक जीव निर्माण करतो, पण त्याची जबाबदारी टाळतो, आणि त्यातून अनर्थ ओढवतो. ज्ञानाबरोबर जबाबदारीही यावी लागते, हेच ती कथा सांगते. मराठीतही या वाङ्मयाची परंपरा आहे. थोर खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आपल्या नावाकडे पाहून नव्हे, तर कथेचा गुण पाहून तिची पारख व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. कथेला पहिले बक्षीस मिळाले. येथेही आशेला परीक्षेची भीती वाटली नाही.

अगदी अलीकडचे उदाहरण आपल्या देशातलेच आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी ‘चंद्रयान-२’ मधील ‘विक्रम’ हा भाग चंद्रावर उतरत असता, पृष्ठभागापासून थोड्याच अंतरावर त्याचा संपर्क तुटला. रात्रभर जागलेल्या देशाचे डोळे पाणावले. शास्त्रज्ञांनी मात्र अश्रू पुसून अपयशाच्या नोंदी तपासावयास घेतल्या. कोठे काय बिघडू शकते याचा विचार करून त्यांनी नव्या यानाचे पाय अधिक मजबूत केले, इंधन वाढविले आणि उतरण्याची जागा अधिक विस्तृत ठरविली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चंद्रयान-३’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरले. त्या प्रदेशात उतरणारा भारत हा पहिला देश ठरला.

मधुमेहाचा प्रश्न अजून पूर्णपणे सुटलेला नाही. १९८२ सालापासून जिवाणूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्शुलिन मिळू लागले. तथापि जगात ते न परवडणारे पुष्कळ लोक आजही आहेत, आणि रोग समूळ घालविणारा उपाय अद्याप सर्वांच्या हाती आलेला नाही. कोठल्या तरी प्रयोगशाळेत या क्षणीही कोणी फसलेल्या प्रयोगाची नोंद वहीत करीत असेल आणि उद्याच्या प्रयोगाची तयारी करीत असेल. उद्या सर्व काही आपोआप चांगले होईल, असे खरी आशा कधीच म्हणत नाही. उद्या चांगले व्हावे म्हणून आज काय करावयाचे, एवढेच ती विचारते. आणि ज्याला या प्रश्नाचे उत्तर सापडते, तो अंधारातही एक पाऊल पुढे टाकतो.

अभ्यास

१. आशेचे दोन प्रकार कोणते? त्यांतील भेद पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
२. डॉ. अ‍ॅलन यांच्या उपायाने रोग बरा होत नसतानाही एलिझाबेथने तो निष्ठेने का पाळला?
३. लेनर्डला दिलेल्या पहिल्या इंजेक्शनचा परिणाम काय झाला? त्यानंतर शास्त्रज्ञांनी काय केले?
४. ‘आशा नसेल तर पाऊल उचलत नाही, परीक्षा नसेल तर पाऊल भलतीकडे पडते,’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
५. तुमच्या गावातील किंवा घरातील एखाद्या व्यक्तीने अपयशानंतरही काम न सोडता ते तडीस नेले असेल, तर त्याविषयी दहा ओळी लिहा.